दीर्घ उपचारांतील सहधर्मचारिणी

इसवी सन १९४१ च्या २८ फेब्रुवारीस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालयाचे द्वार रुग्णांसाठी उघडले, आणि त्याच वर्षी सातासमुद्रापलीकडे शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्झ नावाच्या मूत्ररोगतज्ज्ञाने क्लॅरेन्स हॉजेस या आपल्या सहकाऱ्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. परंतु प्रोस्टेटचा कर्करोग अंगभर पसरल्यावर त्यावर इलाज करून घेण्यासाठी जे गृहस्थ आज त्या परळच्या इमारतीत सपत्नीक येतात, त्यांच्या हाती पडणाऱ्या कागदावरील पहिल्या उपचाराचा उगम त्या निबंधात आहे. या कर्करोगाच्या पेशी पुरुषी संप्रेरकावर पोसल्या जातात, आणि वृषणे काढून टाकली अगर स्त्रीसंप्रेरक देऊन त्यांचे कार्य थांबवले, तर हाडांपर्यंत पोहोचलेला रोगही मागे हटतो व वेदनेने अंथरुणाला खिळलेला माणूस कित्येकदा उठून हिंडूफिरू लागतो, असे हगिन्झने दाखवून दिले. या कामगिरीबद्दल १९६६ साली, म्हणजे पाव शतकानंतर, त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

वृषणे काढण्याची ती शस्त्रक्रिया आजही होते. ती एकदाच करावी लागते आणि तिचा खर्च इतर उपायांच्या मानाने अल्प असतो. ज्या कुटुंबाला तालुक्याच्या गावाहून दर तीन महिन्यांनी शहर गाठणे परवडत नाही, त्याने केवळ लज्जेपोटी हा मार्ग नाकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना ती नको असते, त्यांच्यासाठी इंजेक्शने आहेत. अँड्र्यू शॅली या शास्त्रज्ञाने डुकरांच्या मेंदूतील असंख्य नमुने गोळा करून १९७१ साली एका सूक्ष्म संप्रेरकाची घडण उलगडली, आणि १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचा तो वाटेकरी झाला. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन ही आजची महिन्याने अगर तीन महिन्यांनी घ्यावयाची इंजेक्शने त्याच संप्रेरकाच्या कृत्रिम आवृत्त्या होत. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला ती प्रथम चेतवतात व मग निष्क्रिय करतात, आणि तिचा हुकूम येईनासा झाला की वृषणांचे उत्पादन आपोआप थंडावते. पहिल्या एकदोन आठवड्यांत मात्र पुरुषी संप्रेरक उलट वाढते. म्हणून डॉक्टर आधीपासून काही आठवडे बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या देऊन त्या वाढीचा बंदोबस्त करतात, किंवा जिथे कण्यालाच धोका असेल तिथे अशी वाढ न करणारे डेगारेलिक्स निवडतात.

ही हकीकत गृहिणीने जाणून घ्यावी, याचे कारण असे की, या आजारात घराची घडी विस्कटते ती रोगामुळे कमी आणि औषधामुळे अधिक. रोगनिदानाच्या दिवशी यांतले अनेक पुरुष चालतेबोलते असतात, कामावर जात असतात, आणि कंबरदुखीवाचून त्यांची दुसरी तक्रारही नसते. सहा महिन्यांनी त्यांच्यात जो पालट दिसतो तो बहुतांशी उपचाराने घडवलेला असतो, व पत्नीला तो रोगाची वाढ वाटून ती भयभीत होते, किंवा स्वभावातला बदल वाटून मनातल्या मनात रुसते. शिवाय हा उपचार चार दिवसांचा नव्हे. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले, त्यांत असे आढळले की, ज्यांना नुसता संप्रेरकरोधक उपचार मिळाला त्यांच्यातील निम्मे रुग्ण ४४ महिन्यांनंतरही हयात होते, आणि ज्यांना त्याच्या जोडीला आरंभीच डोसिटॅक्सेल हे रसायन दिले गेले त्यांच्यात ही मुदत साडेसत्तावन्न महिन्यांवर गेली. त्यानंतर आलेल्या गोळ्यांनी हा हिशेब आणखी सुधारला आहे. तेव्हा तापाच्या रुग्णाजवळ रात्रभर जागणारी जी शुश्रूषा आपल्या घरांना ठाऊक आहे, ती इथे पुरी पडत नाही. वर्षानुवर्षे टिकेल अशा बेतानेच कामाला लागावे लागते.

आरंभीच एक प्रश्न उभा राहतो, आणि तो बहुधा दवाखान्याच्या दाराबाहेर, दबक्या आवाजात विचारला जातो: ‘डॉक्टर, यांना काही सांगू नका, हे हाय खातील.’ थोरला मुलगा, मेहुणा, शेजारचे वजनदार गृहस्थ अशा सर्वांचा या गुप्ततेस पाठिंबा असतो. तिच्यामागील मायेविषयी शंका नाही. परंतु ज्या माणसाला दर तीन महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन घ्यायचे आहे, ज्याचे रक्त वारंवार तपासले जाणार आहे आणि ज्याला ‘ऑन्कॉलॉजी’ ही पाटी स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येते, त्याच्यापासून काय लपणार? लपते ते एवढेच की, बायकोलाही माहीत आहे हे त्याला उघडपणे म्हणता येत नाही, आणि मग दोघेही एकाच छपराखाली आपापले भय एकट्याने वाहत राहतात. वृषणे काढावयाची की इंजेक्शन घ्यायचे, रसायनोपचार सोसायचा की गोळ्यांवर भागवायचे, हे निर्णय ज्याच्या देहाविषयी आहेत त्याला डावलून घेणे न्यायाचे नव्हे. किती ऐकायचे हे मात्र त्याने ठरवावे. काहींना सारा तपशील हवा असतो, काहींना ‘पुढे काय करायचे’ एवढेच पुरते.

आता औषध घरात काय करते ते पाहू. पुरुषी संप्रेरक नाहीसे झाले की कित्येकांना दिवसातून अनेक वेळा छातीपासून मस्तकापर्यंत उष्णतेची लाट येते, चेहरा लालबुंद होतो, घामाने गंजिफ्रॉक भिजतो आणि लगोलग थंडी वाजते. रात्री हेच घडल्याने झोपेचे खोबरे होते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीला हे वर्णन वाचताना निराळा खुलासा नको. ऋतुनिवृत्तीच्या काळात तिने हेच सोसले आहे, आणि बहुधा नवऱ्याच्या ‘पंखा कशाला लावलास?’ या प्रश्नासह सोसले आहे. त्या वेळी घरात ज्याची दखल कोणी घेतली नाही ते ज्ञान आता कामी येते, आणि पुष्कळ नवऱ्यांना बायकोच्या त्या वर्षांची कल्पना या निमित्ताने प्रथमच येते. दैवाच्या या न्यायात थोडा विनोद आहे, आणि तो दोघांनी मिळून उपभोगण्यास हरकत नसावी. सुती कपडे, उशाशी कोरडा पंचा, हाताशी पंखा, कढत चहा व तिखट यांना थोडा आवर, मद्यास रजा, एवढ्याने बऱ्याच जणांचे भागते. न भागल्यास या लाटा कमी करणारी औषधे आहेत, आणि ती मागितल्याखेरीज मिळत नाहीत, कारण लाटांची तक्रार करण्याची पुरुषांना लाज वाटते.

मनाचेही तसेच आहे. एरवी करारी म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस दूरदर्शनवरील सामान्य प्रसंगाने डोळे पुसू लागतो, क्षुल्लक कारणावरून कडाडतो, वर्तमानपत्र वाचता वाचता दुपारी तीनदा पेंगतो, परिचितांची नावे विसरतो. थकवा हा या उपचाराचा नेहमी आढळणारा परिणाम असून तो विश्रांतीने पूर्ण जात नाही. पत्नीने हे सारे निमूटपणे सोसावे असे मी म्हणणार नाही. कडाडणे औषधामुळे असले तरी त्याचा मारा तिच्यावरच का व्हावा, हा प्रश्न तिने शांतपणे विचारावा. पण सलग दोन आठवडे उदासपणा हटत नसेल, जेवणावरची वासना उडाली असेल, ‘आता जगून काय करायचे’ असे शब्द तोंडून निघत असतील, तर तो औदासीन्याचा आजार समजून डॉक्टरांच्या कानी घातला पाहिजे. त्यावर इलाज होतो.

ज्या विषयाची वाच्यता आपल्या घरांत कुणी करत नाही, त्याविषयी दोन शब्द स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. या उपचाराने शरीरसंबंधाची शक्ती जाते, आणि तिच्यापूर्वीच इच्छा जाते. शक्ती वाढवणाऱ्या गोळ्या या इच्छेला जागे करू शकत नाहीत. अंगावरचे केस विरळ होतात, छातीला सूज येते व ती दुखरी होते, जननेंद्रिये आक्रसतात. आणि उघड्या अंगाने अंगणात वावरणारा माणूस एकाएकी सदरा घालून न्हाणीघरात जाऊ लागतो. तो अंथरूण वेगळे घालतो, पाठ फिरवून झोपतो, जवळ जाण्याने अपुरी राहणारी अपेक्षा उत्पन्न होईल या धास्तीने हात हातात घेणेही सोडतो. बायको त्याचा अर्थ लावते की, यांना मी नकोशी झाले. वास्तविक दोघांचाही हेतू एकमेकांना दुखवू नये हाच असतो. अशा वेळी बोलण्यास आरंभ बहुतेक तिलाच करावा लागतो, आणि तो ‘अहो, हे औषधामुळे होते असे मी वाचले’ इतक्या साध्या वाक्याने होऊ शकतो. स्पर्श, जवळ निजणे, पाठीवरून हात फिरवणे यांना संप्रेरकाची परवानगी लागत नाही. इंजेक्शन सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना या परिणामांविषयी विचारण्याचा दोघांनाही हक्क आहे. डॉक्टर संकोचले तरी आपण संकोचू नये.

देहाच्या बळाकडे वळू. पुरुषी संप्रेरकावाचून स्नायू झिजतात, पोटावर चरबी चढते, साखर व रक्तदाब वाढण्याचा संभव असतो, आणि हाडे ठिसूळ होतात. यावर ज्याला खात्रीचा म्हणता येईल असा उपाय व्यायाम आहे, त्यातही ज्यात स्नायूंना वजन पेलावे लागते तो. आणि नेमका तोच आपल्या घरांतील प्रेमळ वागणुकीला पटत नाही. मंडईतून येताना बायको त्याच्या हातून भाजीची पिशवी काढून घेते. ज्याची हाडे डॉक्टरांनी तपासून निर्धोक ठरवली आहेत, त्याच्या हातून ती पिशवी काढून घेऊ नये. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे, सकाळ-संध्याकाळ चालणे, जिना चढणे, हे फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने नित्य व्हावे. ज्याच्या मणक्यांत वा मांडीच्या हाडात रोगाने पोखरण केली आहे त्याने मात्र ओझे उचलण्यापूर्वी विचारले पाहिजे, आणि अशा पाठीवर कोणत्याही मालीशवाल्याचा अगर हाडवैद्याचा हात पडू देऊ नये. न्हाणीघरातील निसरडी फरशी, दाराशी दुमडलेले पायपुसणे, रात्री न लागणारा दिवा यांची तजवीज त्याच आठवड्यात करावी. हाडांसाठी झोलेड्रॉनिक आम्ल अगर डेनोसुमॅब सुरू होणार असेल, तर आधी दंतवैद्याकडे जाऊन किडलेले दात काढून घ्यावेत. ही औषधे चालू असताना दात काढल्यास जबड्याचे हाड कुजण्याचा धोका असतो.

गोळ्यांचे वेळापत्रक हा गृहिणीचा खास प्रांत. वृषणांखेरीज अधिवृक्क ग्रंथीही थोडे पुरुषी संप्रेरक तयार करतात, आणि अर्बुदही स्वतःपुरते तयार करू लागते. त्या सर्वांवर बंदी घालणारी गोळी म्हणजे अबिरॅटेरॉन. ती रिकाम्या पोटी घ्यायची असते, म्हणजे आधी दोन तास व नंतर एक तास काही खायचे नाही, कारण अन्नाबरोबर ती अनेक पटींनी अधिक शोषली जाते; म्हणून पोहे-चहासोबत ती देण्याची सवय घातक आहे. पहाटे उठून गोळी, मग तासाभराने न्याहारी, आणि न्याहारीनंतर तिची सोबतीण प्रेडनिसोलोन, असा क्रम बऱ्याच घरांत बसतो. प्रेडनिसोलोन आपल्या मनाने एकाएकी थांबवू नये, आणि उलट्यांमुळे ती पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालयाला कळवावे. अबिरॅटेरॉनने रक्तदाब वाढतो, रक्तातील पोटॅशियम उतरते, यकृताला त्रास होऊ शकतो. म्हणून तपासण्या चुकवू नयेत, व गावाकडच्या वैद्याने दिलेली भस्मे वा काढे डॉक्टरांना न दाखवता देऊ नयेत.

एक नोंदवही ठेवावी. तीत इंजेक्शनच्या तारखा, रक्तदाब, वजन आणि पीएसएचे आकडे असावेत. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेले प्रथिन. रोग दबला की ते उतरते, पुन्हा डोके वर काढू लागला की चढते. या आकड्याने घरोघरी जेवढी झोप उडवली आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने उडवली असेल. एकाच प्रयोगशाळेत तपासावा, एका वाढीवरून निष्कर्ष काढू नये, आणि आकडा हाती येण्याच्या दिवशी नातलगांचे दूरध्वनी मुलाने घ्यावेत.

काही लक्षणांत मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्यास जागा नाही. पाठीत नवी, रात्री बळावणारी, खोकल्यासरशी कळ मारणारी वेदना, जिना चढताना पाय लटपटणे, कमरेखाली बधिरता, लघवी अडणे किंवा शौचाचे भान न राहणे: यांचा अर्थ कण्यातील रोगाने मज्जारज्जूवर दाब आणला असा असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठून एमआरआय, स्टिरॉइड आणि किरणोपचार वा शस्त्रक्रिया झाल्यास चालणारा माणूस बहुधा चालता राहतो. पाय पूर्ण लुळे पडून काही दिवस गेले तर ते क्वचितच परत येतात. संध्याकाळची वेळ आहे, रविवार आहे, डॉक्टरांना त्रास कशाला, हे सारे संकोच इथे गुंडाळून ठेवावेत. दुसरी गोष्ट डोसिटॅक्सेल चालू असतानाच्या तापाची. तीन आठवड्यांच्या प्रत्येक फेरीत मधल्या काळात पांढऱ्या पेशी उतरतात, आणि त्या वेळी १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तरी तो जिवावरचा असू शकतो. क्रोसिनची गोळी देऊन सकाळची वाट पाहणाऱ्या घरांनी फार मोठी किंमत मोजली आहे.

पैशाचा आणि कागदपत्रांचा विषय अप्रिय असला तरी तो पहिल्या दोन महिन्यांतच हाती घ्यावा, नवऱ्याच्या अंगात ताकद असताना, त्याच्याच अध्यक्षतेखाली. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला कोणता उपचार बसतो, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून उपचारापूर्वी लिहून घ्यावे; मंजुरी नंतर मिळत नाही. रेल्वेची सवलत डॉक्टरांच्या विहित नमुन्यातील दाखल्यावर मिळते. परगावच्या रुग्णांनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेची चौकशी अवश्य करावी. बँकेतील नामनिर्देशन, विम्याचे दस्तऐवज, दोन साक्षीदारांसमक्ष केलेले मृत्युपत्र यांबरोबर आणखी एक कागद आता शक्य झाला आहे: शेवटच्या अवस्थेत कृत्रिम साधनांनी प्राण लांबवावेत की नाही, याविषयीची रुग्णाची लेखी इच्छा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने तिला मान्यता दिली, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी तिची रीत सोपी करून नोटरी अगर राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ती करण्याची मुभा दिली. आनुवंशिक तपासणीचीही गोष्ट यातच येते. बीआरसीए जनुकातील दोष सापडला तर ओलापॅरिबसारख्या औषधाची वाट खुली होते. आणि तो दोष मुलींमध्ये उतरला असल्यास त्यांना स्तन व बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका असतो, म्हणून लेकींना हे कळवणे बापाचे कर्तव्य ठरते.

हे सर्व करणाऱ्या बाईकडे कोण पाहते? आपल्या समाजात तिच्या थकव्याला कौतुक मिळते, मदत मिळत नाही. ‘तुम्ही म्हणून करता, वहिनी’ असे म्हणणाऱ्या दिराला गुरुवारची रुग्णालयाची फेरी नेमून द्यावी. पुण्याच्या लेकीने विम्याचे कागद सांभाळावेत, परदेशातील मुलाने नुसते पैसे पाठवण्यावर न थांबता रजा काढून महिनाभर येऊन राहावे. तिच्या रक्तदाबाची गोळी, तिचे भजनीमंडळ, तिची दुपारची अर्ध्या तासाची झोप यांवर गदा येऊ देऊ नये. आजारी माणसालाही आपल्यापायी बायको झिजली या विचाराने सुख होत नाही.

रोग औषधांना जुमानेनासा झाला तरी काही वाटा उरतात, त्यांत रोगपेशींना शोधून किरणांचा मारा करणारे ल्युटेशियम हे एक. त्याचा निर्णय तज्ज्ञांबरोबर करावा. वेदनेचा निर्णय मात्र घरानेच घ्यायचा असतो, कारण मॉर्फिनचे नाव काढताच घरचेच लोक ‘सवय लागेल’ म्हणून हात मागे घेतात. कर्करोगाच्या वेदनेत डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेने घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागण्याची भीती अनाठायी आहे. त्याने बद्धकोष्ठ होतो, आणि त्यासाठी रेचक पहिल्या दिवसापासून सोबत द्यावे लागते. अंमली पदार्थांच्या कायद्यामुळे जे औषध मिळणे दुर्घट झाले होते, त्याचे नियम २०१४ च्या दुरुस्तीने बरेच सुकर झाले. वांद्र्याच्या टेकडीवर डॉ. लुइस डिसूझा यांनी १९८६ साली उभे केलेले शांती अवेदना सदन आणि पुण्यात वारजे येथे १९९७ पासून चाललेले सिप्ला केंद्र या दोन्ही ठिकाणी रुग्णांकडून मोबदला घेतला जात नाही. वेदनाशामक उपचारांसाठी इतर उपचार बंद करावे लागत नाहीत. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, आणि त्यासाठी नाव पहिल्याच वर्षी नोंदवावे.